भयपटांची गुणवत्ता यादी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

परवा घरातल्या एका बारशाला पंगती उठल्या आणि पोरांनी मला घेरलं. सिनेमावर अधूनमधून बोलतो, त्याची ही शिक्षा. कॉलेजात जाणारा भाचा म्हणाला, "मामा, जगातले सगळ्यात भारी भयपट कोणते? नंबर लावून सांगा, मी लिहून घेतो." शेजारी त्याची आई बसली होती. ती घाईघाईनं म्हणाली, "दादा, मला झेपेल असाच सांग हं. रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटीला जाता आलं पाहिजे." तेवढ्यात विडा जुळवत बसलेले आमचे भावोजी बोलले, "आम्ही व्हिडिओ पार्लरमध्ये वाढलेली माणसं. आम्हाला आता काही घाबरवत नाही. असला एखादा, तर बोला."

एकाच सतरंजीवर तीन इयत्ता बसल्या होत्या.

घरी आलो, कागद घेतला आणि यादी करायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आपल्याकडे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी लागायची. कुणी फेरतपासणीचा अर्ज करायचा आणि दोन-चार गुण वाढले की पेढे वाटायचा. भयपटांच्या इतिहासात मात्र फेरतपासणीत दोन-चार गुण वाढत नाहीत. सरळ नापास झालेला पहिल्या नंबरात येतो. असं एकदा नव्हे, अनेकदा घडलंय. म्हणून आधी त्या फेरतपासणीची गोष्ट सांगतो आणि मग यादी.

सुरुवात बर्लिनपासून करू. ४ मार्च १९२२ रोजी तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी दालनात 'नोस्फेराटू' या मूकपटाचा पहिला खेळ झाला. दिग्दर्शक होता एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. कथा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून घेतलेली. पात्रांची नावं बदलली, इंग्लंडच्या जागी जर्मनीतलं गाव घातलं, पण परवानगी मात्र कुणी घेतली नाही. स्टोकर १९१२ मध्येच वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स लंडनमध्ये राहत होती आणि या कादंबरीच्या हक्कांवर तिची भिस्त होती. तिनं दावा लावला. तिची तक्रार अगदी रास्त होती, हेही सांगायला हवं. सिनेमा काढणारी संस्था तोवर दिवाळखोरीत गेली होती. पैसे मिळण्याची आशा संपली, तेव्हा तिनं वेगळीच मागणी केली : या सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करा. १९२५ मध्ये जर्मन न्यायालयानं तसा हुकूम दिला.

म्हणजे निकाल नुसता नापासाचा नव्हता. उत्तरपत्रिकाच जाळून टाका, असा होता.

पण काही प्रती आधीच देशाबाहेर गेल्या होत्या. त्या राहिल्या. कायद्यानं मारलेला सिनेमा त्यातल्या पिशाच्चासारखाच पुन्हा उठून बसला. आज एखादा शाळकरी मुलगाही सांगेल की सूर्यप्रकाश अंगावर पडला की ड्रॅक्युला मरतो. ही गोष्ट मूळ कादंबरीत नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. ऊन लागून पिशाच्चाचा नाश होणं ही याच सिनेमाची देणगी. आणि जिन्यावरून चढत जाणारी ती सावली! वाकडा खांदा, लांबलचक बोटं, पुढे सरकणारा हात. पिशाच्च दिसत नाही, भिंतीवर फक्त सावली दिसते. पुढच्या शंभर वर्षांत किती दिग्दर्शकांनी ती सावली उसनी घेतली, याची गणती नाही. १९७९ मध्ये वेर्नर हर्झोगनं आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सनं हा सिनेमा पुन्हा काढला.

दुसरी गोष्ट लंडनची, १९६० सालची. मायकेल पॉवेल हा ब्रिटनमधला मातब्बर दिग्दर्शक. 'द रेड शूज'सारखा देखणा सिनेमा त्याच्या नावावर होता. त्यानं 'पीपिंग टॉम' काढला. कॅमेऱ्यावर काम करणारा एक लाजाळू, गोड बोलणारा तरुण. तो बायकांना मारतो आणि मरताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती चित्रित करून ठेवतो. रात्री एकटा बसून ती फिल्म पाहतो. समीक्षक अक्षरशः तुटून पडले. सिनेमा घाईनं थिएटरांतून काढून घेतला गेला आणि पॉवेलची ब्रिटनमधली कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली.

एवढा राग का आला असावा? रक्त तर त्यात फारसं नाही. मला वाटतं, समीक्षकांना त्या पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला. दुसऱ्याची भीती अंधारात बसून चवीनं पाहणारा तो खुनी, आणि तिकीट काढून तेच करायला आलेले आपण. हे कुणाला ऐकून घ्यायचं होतं? पुढे मार्टिन स्कॉर्सेसीनं हा सिनेमा उचलून धरला, १९७९ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि फेरतपासणी झाली. पॉवेल १९९० पर्यंत जगला, त्यामुळे हा निकाल त्याला निदान पाहता आला. मधली वीस वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत.

तिसरी गोष्ट अलीकडची. स्टॅन्ली क्युब्रिकचा 'द शायनिंग' १९८० मध्ये आला. अमेरिकेत वाईट सिनेमांना टिंगलीची बक्षिसं देण्याची 'रॅझी' नावाची प्रथा आहे. तिच्या पहिल्याच वर्षी क्युब्रिकला सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून आणि शेली ड्युव्हलला सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून नामांकन मिळालं. आज तोच सिनेमा कुठल्याही यादीत वरच्या पाचात असतो. बर्फात अडकलेलं रिकामं हॉटेल, डोकं फिरत चाललेला नवरा आणि मुलाला कवेत धरून पळणारी, भीतीनं पार पिळवटलेली ती बाई. ड्युव्हलचं ते घाबरणं तेव्हा लोकांना कर्कश वाटलं होतं. घरात मार खाणारी बाई अशीच दिसते, हे कळायला वेळ लागला. रॅझीवाल्यांनी २०२२ मध्ये तिचं नामांकन मागे घेतलं. ड्युव्हल २०२४ मध्ये गेली.

तेव्हा मंडळी, पहिल्या परीक्षकावर विसंबून यादी लावता येत नाही. मी माझ्यापुरता एक साधा निकष ठरवला. थिएटरात किंचाळी किती मोठी निघाली, हे मोजायचं नाही. सिनेमा संपल्यावर तो किती दिवस मनात राहतो, आणि कशाच्या भीतीनं राहतो, हे मोजायचं. या निकषावर तीन इयत्तांच्या तीन याद्या केल्या.

पहिली इयत्ता आमच्या बहिणीची, म्हणजे बेतानं घाबरू इच्छिणाऱ्यांची. इथे तिसरा नंबर 'महल'चा. बॉम्बे टॉकीजचा हा १९४९ चा सिनेमा. दिग्दर्शक कमाल अमरोही, पडद्यावर अशोककुमार आणि मधुबाला. ओसाड हवेली, झोपाळा आणि कुठून येतोय ते न कळणारा बाईचा आवाज. रक्ताचा थेंब नाही, पण अंगावर काटा येतो. गंमत अशी की त्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नायिकेचंच नाव, 'कामिनी', छापलेलं होतं. पडद्यावरच्या भुताप्रमाणे बाहेरचा आवाजही बेनाव! ही गाते कोण, अशा चौकश्या सुरू झाल्या आणि मग रेडिओवरून लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं.

दुसरा नंबर १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा. दिग्दर्शक जेम्स व्हेल. राक्षसाचं काम बोरिस कार्लोफनं केलंय, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. यातला एक प्रसंग मुलांना दाखवताना जपून दाखवावा. तळ्याकाठी एक लहान मुलगी या राक्षसाला न घाबरता फुलं देते. दोघं मिळून फुलं पाण्यात सोडतात, ती तरंगतात. फुलं संपतात. मुलगीही तरंगेल, असं त्या भाबड्याला वाटतं. सेन्सॉरनं हा शेवटचा भाग कापला आणि प्रेक्षकांना फक्त राक्षसाचे पुढे झालेले हात दिसले. त्यामुळे लोकांनी नाही नाही ते मनात आणलं. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला, तेव्हा कळलं की तो प्रसंग भयंकर आहे, पण त्याहून जास्त करुण आहे.

आणि पहिला नंबर 'जॉज'चा. १९७५ साल, स्टीव्हन स्पीलबर्ग विशीतला पोरगा. माणसं खाणारा शार्क मासा यंत्राचा बनवला होता. खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर तो सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. मासा चालेना, म्हणून दिग्दर्शकानं तो दाखवणंच टाळलं. पाण्याचा पृष्ठभाग, ओढला जाणारा एक पिंप आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर, एवढ्यावर भागवलं. मासा नीट दिसेपर्यंत तास उलटून जातो. यंत्र नीट चाललं असतं, तर कदाचित हा एक साधा माशाचा सिनेमा झाला असता.

दुसरी इयत्ता भाच्याची. थोडं पाहिलंय, आणखी हवंय. चौथा नंबर 'द शायनिंग'ला दिला, त्याबद्दल बोलून झालं. तिसरा 'कॅट पीपल', १९४२. निर्माता व्हॅल ल्यूटन याला स्टुडिओ आधी नाव द्यायचा आणि त्या नावाचा सिनेमा स्वस्तात काढून आण म्हणायचा. वाघीण-बिघीण दाखवायला पैसे नव्हते. त्यानं आणि दिग्दर्शक जाक टूर्नरनं काय केलं? रात्रीचा सुनसान रस्ता, एकटी चालणारी बाई, मागून येणारी पावलं. मग पावलांचा आवाज थांबतो. काही क्षण शांतता. आणि एकदम फिस्स! अंगावर झेप आली असं वाटतं. ती असते थांब्यावर येऊन उभी राहिलेली बस. आजही प्रेक्षकाला असं फसवून दचकवण्याच्या युक्तीला तिकडे 'ल्यूटनची बस' म्हणतात.

दुसरा नंबर १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट. एकूण दहा नामांकनं, त्यांतली दोन बक्षिसं, पटकथेचं आणि ध्वनीचं. अंगात आलेल्या मुलीची खोली गार वाटावी म्हणून दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं तो सेट खरोखरच शीतगृहासारखा थंड केला होता. नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. लोक फिरणारी मान लक्षात ठेवतात. मला मात्र आधीचे दवाखान्यातले प्रसंग जास्त छळतात. तपासण्यांवर तपासण्या, डॉक्टरांची फौज, आणि लेकीला काय झालंय हे कुणालाच सांगता येत नाही. शिकलेली, पैसेवाली आई शेवटी धर्मगुरूच्या दारात जाते. घरातल्या आजारपणात दवाखाने पालथे घातलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

पहिला अर्थातच 'सायको', १९६०. हिचकॉकला स्टुडिओ या विषयावर पैसे लावायला तयार नव्हता. त्यानं आपल्या टीव्ही मालिकेची तंत्रज्ञ मंडळी घेतली, कृष्णधवल फिल्म घेतली आणि सुमारे आठ लाख डॉलरमध्ये काम भागवलं. न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग पाऊण-एक मिनिटाचा, चित्रीकरण मात्र आठवडाभराचं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वाहवलं. त्या प्रसंगाला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर तुकडा बांधला आणि हिचकॉकनं आपला हट्ट सोडला. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी ताकीद थिएटरांना दिली. कारण जिला आपण नायिका समजून जीव लावतो, ती अर्ध्याच्या आतच मरते. उशिरा आलेला विचारत बसला असता, जॅनेट ली कुठंय? 'पीपिंग टॉम'नंतर काही महिन्यांतच हा आला, विषयही त्याच जातीचा. फरक एवढाच की हिचकॉकनं समीक्षकांना आधी खेळ दाखवलाच नाही. परीक्षकाच्या हाती पेपर पडण्याआधी लोकांनी रांगा लावल्या होत्या.

तिसरी इयत्ता भावोजींची. निबर झालेल्यांची. इथे तिसरा नंबर जॉन कारपेंटरच्या 'द थिंग'चा. २५ जून १९८२ रोजी तो लागला. प्रेमळ परग्रहवासीयाचा 'ई.टी.' दोनच आठवड्यांपूर्वी आला होता आणि सगळी अमेरिका डोळे पुसत होती. तिला अंटार्क्टिकाच्या बर्फात माणसाचं रूप घेणारा हा ओंगळ जीव कसा आवडावा? समीक्षकांनी झोडला, धंदाही बेताचा झाला. आज पाहा. बारा माणसं, एक छावणी, आणि आपल्यातला माणूस कोण नि माणसाचं सोंग कोणाचं, हे कुणालाच माहीत नाही. तापवलेली तार रक्तात बुडवून परीक्षा घेण्याचा प्रसंग निबरातल्या निबराला खुर्चीच्या कडेवर आणतो.

दुसरा नंबर 'पीपिंग टॉम'चा. आणि पहिला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोनं सव्वा लाख डॉलरच्याही आत काढलेला. मढी उठतात आणि जिवंत माणसांना खायला येतात. आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, त्याचा हा मूळपुरुष, पण सिनेमात तो शब्द एकदाही येत नाही. शेतातल्या एका घरात काही माणसं अडकतात. त्यांतला शहाणा, धीराचा माणूस कृष्णवर्णीय आहे. डुएन जोन्सला घेतलं ते केवळ चाचणीत तो सर्वांत सरस ठरला म्हणून. भूमिका तशी लिहिलेली नव्हती. शेवट मी सांगणार नाही. रोमेरो सांगायचा की तयार झालेली प्रिंट गाडीत घालून ते न्यूयॉर्कला निघाले होते आणि वाटेत गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली. एवढं लक्षात ठेवून शेवट पाहा.

या सिनेमाचं नाव वितरकानं ऐन वेळी बदललं. नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे हक्कच गेला. ज्याला हवी त्यानं प्रत काढली, दाखवली, विकली. करणाऱ्यांचं नुकसान झालं, पण सिनेमा घरोघर पोचला. १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. हक्कापायी 'नोस्फेराटू' मरता मरता वाचला आणि हक्क हुकल्यामुळे हा जगभर पसरला. इतिहासाचा न्याय असा असतो.

तिन्ही इयत्तांत मिळून पहिला कोण? माझं मत 'नोस्फेराटू'ला. भीती अजून बोलायलाही शिकली नव्हती तेव्हाचा तो आहे, आणि त्याची सावली अजून भिंतीवरून उतरलेली नाही.

फेरतपासणी फक्त परदेशातच होते असं समजू नका. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आपल्या डोळ्यांदेखत घडला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं, बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं, आणि पडद्यावर कोकणातला तो न थांबणारा पाऊस. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो लागला तेव्हा जाणकारांनी वाखाणला, पण थिएटरं काही भरली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. सहा वर्षांत सिनेमाची एक चौकटही बदललेली नव्हती. त्यातली भीती हस्तर नावाच्या राक्षसाची म्हणाल, तर ती वरवरची. खरी भीती बाप पोराला हाताला धरून हावेचा धंदा शिकवतो, तिथे आहे. ती पोचायला थोडा वेळ लागला.

यादी भाच्याला पाठवली. आठ दिवसांनी भावोजींचा फोन आला. "तो मढ्यांचा पाहिला हो," म्हणाले. थोडं थांबले. "मढ्यांचं काही वाटलं नाही. पण शेवटी ती बंदुकावाली माणसं आली ना, ती काही डोळ्यांपुढून जात नाहीत." मी म्हटलं, उत्तीर्ण.

मागून बहिणीचा आवाज आला. तिनं 'जॉज' पाहिला होता. रात्री उठून एकटी स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, काही झालं नाही म्हणाली. फक्त दिवाळीत गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय, तिथं मी वाळूतच बसणार, मला कुणी पाण्यात ओढू नका, एवढं तिनं सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवलंय.